बोलावणी अकरा, अकराही पाहिली

पुण्यात दुसऱ्याची झालेली चूक दाखवून देणारी माणसं पेठेपेठेत मिळतील. पण जी चूक अजून झालेलीच नाही, ती कुठे होऊ शकेल हे आधी जाऊन पाहून येणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या कंपनीत त्यांना सगळे इन्स्पेक्शनवाले काका म्हणत. त्यांच्याविषयी लिहायचं म्हणजे मला सुखाने हसता येत नाही, मध्येच मान खाली जाते. का जाते ते येईलच पुढे. पण माणूस असा होता की आठवला की आधी हसूच येतं, आणि निदान तेवढा हक्क तरी मी स्वतःकडे ठेवणार आहे.

पिंपरीकडच्या एका कारखान्यात काका बावीस वर्षं तपासणी खात्यात होते. दुसऱ्यांनी लेथवर कातलेल्या लोखंडी दांड्या मोजायच्या आणि एखादी केसभर कमीजास्त असली तर बाजूला काढायची, एवढंच त्यांचं काम. मग देशाची दारं उघडली, बाहेरून स्वस्त दांड्या येऊ लागल्या आणि कारखान्याने माणसांना स्वेच्छानिवृत्ती दिली. “स्वेच्छा होती, फक्त ती माझी नव्हती,” असं काका सांगत. तेव्हा त्यांचं वय अठ्ठेचाळीस. त्या वयात बाकीचे लोक एखादी एजन्सी घेत किंवा सकाळी तळजाईला फिरायला जात. काकांनी आपल्या मुलाच्या वयाच्या पोरांबरोबर बाकावर बसून सी भाषेच्या क्लासला नाव घातलं. दोन महिन्यांत त्यांनी मास्तरांनी फळ्यावर लिहून दिलेल्या उदाहरणांपैकी कुठलं उदाहरण कोणत्या परिस्थितीत फसेल, याची आठ पानी यादी करून मास्तरांच्या हातात ठेवली. मास्तर आमच्या मालकांचे मित्र. ते काकुळतीला येऊन म्हणाले, “यांना तुमच्याकडे घेऊन जा, नाहीतर मी क्लास बंद करतो.” अशा रीतीने काका आमच्याकडे आले.

आमची कंपनी म्हणजे प्रभात रस्त्याच्या एका गल्लीतल्या बंगल्याचा तळमजला आणि नऊ माणसं. हिंजवडीला तेव्हा ऊस होता. आम्ही कारखान्यांसाठी छोटी नियंत्रण यंत्रं बनवायचो, आणि त्यांच्या पोटात जी चिप असे तिच्यातला प्रोग्रॅम सीमध्ये लिहायचो. मी यवतमाळहून इंजिनिअर होऊन आलेली, कर्वेनगरला तिघींत एक खोली घेऊन राहणारी, आणि आपल्याला सगळं येतं अशी पक्की समजूत असलेली मुलगी होते. काका मला पहिल्या दिवसापासून “अहो इंजिनिअरीणबाई” म्हणत. त्यात आदर किती आणि टोमणा किती याचं प्रमाण मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आता मॅक्रो म्हणजे काय हे सांगितल्याशिवाय काका कळायचे नाहीत, तेव्हा दोन मिनिटं सोसा. सीमध्ये एका नावामागे काही मजकूर लिहून ठेवता येतो. पुढे प्रोग्रॅममध्ये जिथे जिथे ते नाव येईल, तिथे संगणक ते नाव खोडतो आणि मजकूर जसाच्या तसा चिकटवतो. नावापुढच्या कंसात आपण काही दिलं, तर तेही उचलून मजकुरात घालतो. वरून पाहणाऱ्याला वाटतं की कुणाला तरी काम सांगितलं; प्रत्यक्षात नुसती नक्कल होते. पहिल्याच आठवड्यात मी ‘दुप्पट’ नावाचा मॅक्रो लिहिला होता. जे दिलं असेल ते गुणिले दोन, इतका साधा. काकांनी कागद पुढ्यात ओढला आणि विचारलं, “दोन अधिक तीनची दुप्पट किती?” मी म्हटलं, दहा. “मला सांगू नका, तुमच्या मॅक्रोला विचारा.” मी मजकूर चिकटवून पाहिला. दोन अधिक तीन गुणिले दोन. गुणाकार आधी होतो, म्हणून आठ. काका शांतपणे म्हणाले, “यवतमाळला पाचाची दुप्पट आठ होत असेल. प्रभात रस्त्यावर दहा होते.” मग त्यांनी पेन्सिलीने माझ्या मॅक्रोत जे बाहेरून येईल त्याच्याभोवती एक कंस घातला आणि सबंध मजकुराभोवती दुसरा. त्या दिवसापासून आतल्याला कंस आणि सगळ्यांना मिळून कंस, हे मी झोपेतही म्हणू लागले.

त्यांचे नियम तिथेच संपत नसत. मॅक्रोचं नाव आणि कंस यांच्यामध्ये जागा सोडायची नाही, नाहीतर संगणक कंसालाही मजकूरच समजतो. शेवटी अर्धविराम द्यायचा नाही. ज्याने मॅक्रोला बोलावलं त्याने तो द्यायचा. नाव मोठ्या अक्षरांतच लिहायचं, म्हणजे लांबूनच कळतं की इथे आत कुत्रा आहे. पण या सगळ्याहून त्यांना भीती होती ती एका गोष्टीची. मॅक्रोच्या मजकुरात एखादी गोष्ट दोनदा लिहिली असेल, तर ती दोनदा घडते. हे समजावून सांगायला त्यांनी घरचं उदाहरण दिलं. “समजा, मी हिला म्हटलं की मंडईतून आणलेला आंबा आणि घरातला आंबा, यांतला मोठा मला दे. ही शहाणी बाई आहे, ही मंडईत एकदाच जाईल. मॅक्रो काय करेल? मंडईत जाईल, आंबा आणेल, घरातल्याशी मापून बघेल. मंडईतला मोठा ठरला की हातातला आंबा टाकून देईल आणि मंडईतला आणायचा म्हणून पुन्हा मंडईत जाईल. तिथे दुसऱ्या खेपेला जो हाती लागेल तो आणून देईल. मग तो लिंबाएवढा का असेना.” मी हसत सुटले. काका हसले नाहीत. “यावर कंसांचा इलाज नाही. इथे ज्याचं त्याने सांभाळायचं. आंबा आधी आणून टेबलावर ठेवायचा आणि मग मॅक्रोला दाखवायचा.” हे मला इतकं नीट कळलं होतं की पुढे दोन नव्या मुलांना हाच आंबा मी माझ्या शब्दांत समजावला. म्हणजे मला माहीत नव्हतं, ही सबब माझ्याकडे नाही.

काकांचा डबा हा आमच्या जेवणाच्या सुट्टीतला एक कार्यक्रम असे. प्रत्येक वाटीला वेगळं झाकण, झाकणावरून वेगळं फडकं, आणि चारही वाट्यांना मिळून एक मोठं फडकं. एकदा मी म्हटलं, “काका, आमटी कुठे पळून जाणार आहे का?” ते म्हणाले, “आमटी पळत नाही, पण पीएमटीचा ड्रायव्हर ब्रेक मारतो.” ते कात्रजहून बसने येत आणि कुठल्या आसनाचा स्क्रू ढिला आहे हे त्या मार्गावरच्या कंडक्टरांना सांगत. सुटे भाग आणायला मालक त्यांना बुधवार पेठेत पाठवत. तिथे ते चिपचा एकेक पाय भिंगातून पाहत. चाळीस पायांची एक चिप, अशा पंचवीस चिपा. एक दुकानदार त्यांना लांबून पाहताच म्हणाला, “काका, दुकान बंद झालंय.” काकांनी वर पाहिलं, खाली पाहिलं. “शटर उघडं आहे, दिवा चालू आहे, तुम्ही गल्ल्यावर आहात. नेमकं काय बंद झालंय?” दुकानदाराने मुकाट्याने स्टूल पुढे केलं.

त्यांच्या लग्नाची हकिगत मला काकूंनी सांगितली. संक्रांतीला काकांनी आम्हा सगळ्यांना घरी बोलावलं होतं, तेव्हा स्वयंपाकघरात तिळगुळाच्या ताटापाशी. मुलगी बघायला म्हणून काका तीनदा आले. चौथ्यांदा आले तेव्हा काकूंच्या वडिलांनी विचारलं, “अहो, आता बघायचं काय राहिलंय?” तर म्हणे, “तिन्ही वेळा संध्याकाळच्या उजेडात पाहिलं, एकदा सकाळी पाहतो.” काकू हे सांगताना हसत होत्या, पण शेवटी म्हणाल्या, “त्यानंतर मात्र पंचवीस वर्षांत पुन्हा तपासलं नाही हो. एकदा हो म्हणाले ते म्हणाले.” एकदा नीट पाहून सही केली की मग त्या गोष्टीवर त्यांचा पूर्ण विश्वास असे. सही करायला उशीर लावत, पण केलेल्या सहीकडे पुन्हा शंकेने बघत नसत.

या सहीसाठी त्यांनी एक लांब निळी वही केली होती. आम्ही प्रोग्रॅम छापून त्यांच्यापुढे ठेवायचा, ते पेन्सिलीने कागदावर खुणा करत आणि शेवटी वहीत नोंद. एका रकान्यात मॅक्रोचं नाव, मग आतले कंस, बाहेरचे कंस, बाहेरून आलेली गोष्ट आत किती वेळा लिहिली आहे तो आकडा. तो आकडा दोन असला की शेजारी लाल त्रिकोण. मग प्रोग्रॅममध्ये त्या मॅक्रोला जिथे जिथे बोलावलंय ती प्रत्येक जागा स्वतः शोधून, तिथे आंबा आधी टेबलावर ठेवलाय का हे पाहून, शेवटच्या रकान्यात ‘बोलावणी इतकी, इतकीही पाहिली’ असं लिहून ते सही करत. आणि एक नियम असा, की सहीनंतर प्रोग्रॅममध्ये एक अक्षर जरी बदललं तरी ते पान पुन्हा त्यांना दाखवायचं. आम्ही या वहीची टिंगल करायचो. तिला आम्ही चित्रगुप्ताची वही म्हणत असू आणि त्यांच्या कानावर जाईल अशा बेताने म्हणत असू.

दुसऱ्या वर्षी मला माझं स्वतःचं पहिलं काम मिळालं. हिंजवडीच्या पुढच्या एका गावातल्या शेतकऱ्याने अंडी उबवायची हॅचरी काढली होती. त्याच्या उबवणी यंत्रात एकावर एक आठ ट्रे होते आणि प्रत्येक ट्रेशी तापमान मोजणारा एक सेन्सर. आमच्या चिपने आठही ट्रेंना एकामागून एक विचारायचं, म्हणजे एकदा विचारलं की पुढची पाळी आपोआप पुढच्या ट्रेची, त्यांतलं सर्वांत मोठं तापमान शोधायचं, आणि ते ठरलेल्या मर्यादेच्या वर गेलं की पंखा सुरू करायचा. मालक म्हणाले होते, हे काम वेळेत उभं राहिलं तर अमेरिकेच्या गिऱ्हाइकाकडे वर्षभर पाठवायला तुमचंच नाव आहे. त्या काळी अमेरिका हा शब्द उच्चारला की माझं यवतमाळचं सगळं घर उठून उभं राहत असे.

माझ्या प्रोग्रॅममध्ये ‘मोठा’ नावाचा मॅक्रो होता. दोन आकड्यांतला मोठा आकडा देणारा. कंस सगळे जागच्या जागी. पण दिलेली गोष्ट आत दोनदा लिहिलेली, कारण एकदा तुलना करायची आणि एकदा उत्तर द्यायचं. वहीत लाल त्रिकोण पडला. काकांनी सबंध प्रोग्रॅम धुंडाळला. प्रत्येक ठिकाणी मी ट्रेचं तापमान आधी वाचून एका जागी ठेवलं होतं आणि मग मॅक्रोला दाखवलं होतं. काकांनी लिहिलं, ‘बोलावणी अकरा, अकराही पाहिली’, आणि सही केली. मला म्हणाले, “बाई, शिकलात.” त्यांच्या तोंडून तेवढं ऐकायला लोकांना वर्षं लागत.

यंत्र पोचवायच्या आदल्या दिवशी मालकांनी आणखी एक दिवा जोडायला सांगितला. त्यासाठी दोन ओळी वाढल्या आणि प्रोग्रॅम चिपमध्ये मावेना. त्या चिपमध्ये आकडे तात्पुरते ठेवायला इतकी थोडी जागा असे की एकेका आकड्यासाठी मारामार. मी शोधत शोधत ‘मोठा’च्या एका बोलावण्यापाशी आले. तापमान वाचून ज्या जागी ठेवत होते ती जागा काढून टाकली, आणि वाचायचं काम सरळ मॅक्रोच्या कंसातच लिहिलं. दोन ओळींची एक ओळ झाली. प्रोग्रॅम मावला. आंबा मी टेबलावरून उचलला होता. त्या क्षणी मला ते दिसलं नाही, असं मी स्वतःला खूप वर्षं सांगत आले. पण खरं एवढंच आहे की मनात काहीतरी टोचलं होतं. काका दोन टेबलं पलीकडे फडकं सोडून जेवायला बसले होते. पान दाखवलं असतं तर ते अर्धा दिवस बसले असते, आणि मला तो अर्धा दिवस द्यायचा नव्हता. उद्या दाखवू, असं म्हटलं. आठही सेन्सर टेबलावर मांडून यंत्र चालवून पाहिलं तर अगदी बिनचूक चाललं. चालणारच, आठही सेन्सर एकाच खोलीत, एकाच हवेत, सगळ्यांचं तापमान एकच. मंडईतले सगळे आंबे सारखे असले तर दुसऱ्या खेपेला कुठला आला हे कळणार कसं? दुसऱ्या दिवशी यंत्र टेंपोत चढलं आणि दाखवायचं राहूनच गेलं.

महिन्याभराने हॅचरीचे मालक ऑफिसात आले. ओरडले नाहीत. त्यांनी पिशवीतून एक अंडं काढून माझ्या टेबलावर ठेवलं. “म्याडम, तुमचं यंत्र म्हंतंय, समदं ठीक हाय. पर वरच्या ट्रेला हात लावला की चटका बसतोय. येकवीस दिस गेलं, वरच्या ट्रेतलं येक पिल्लू न्हाई निघालं.” मग जरा थांबून म्हणाले, “तुमी शिकल्याली मानसं. तुमी तपासलं आसंल म्हनून म्या हात लावून बगितलंच न्हाई.” मी त्या अंड्याकडे बघत राहिले. मला तेव्हाच सगळं कळलं होतं. गरम हवा वर जाते. वरचा ट्रे सर्वांत तापायचा, माझा मॅक्रो पहिल्यांदा त्याला विचारायचा, हा मोठा म्हणून ठरवायचा, आणि उत्तर आणायला दुसऱ्यांदा विचारायला जायचा. तोवर पाळी खालच्या ट्रेची आलेली असायची. तापलेल्या ट्रेच्या नावावर थंड ट्रेचं तापमान लिहिलं जायचं आणि पंखा गप्प बसायचा.

आमच्या मालकांनी प्रोग्रॅमची नवी प्रत छापून घेतली आणि आम्हा सगळ्यांना मोठ्या टेबलाभोवती बसवलं. दोष सापडायला वीस मिनिटं लागली. मालकांनी त्या ओळीखाली रेघ मारून कागद काकांपुढे सरकवला आणि निळी वही उघडून शेजारी ठेवली. काका कधी ओळीकडे पाहत, कधी वहीतल्या आपल्या अक्षराकडे. मग त्यांनी मला विचारलं, “माझ्या पेन्सिलीच्या खुणांची प्रत असेल ना तुमच्याकडे?” ती प्रत माझ्या टेबलाच्या दुसऱ्या खणात होती. मी म्हटलं, “रद्दीत गेली, काका.” खोटं बोलायचं मी ठरवलं नव्हतं, पण ते तोंडातून आलं आणि मग परत घेता आलं नाही. परत घेता आलं नाही हेसुद्धा खोटंच. घेता आलं असतं. मी तोंड उघडलं, आणि समोरचा पेला उचलून पाणी प्याले.

काकांनी वही मिटली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “मी अकरा लिहिलंय. म्हणजे दहा पाहून अकरा लिहिलं. न पाहता सही केली.” कुणीतरी म्हणालं, “जाऊ द्या हो काका, एखादी सुटते.” काका म्हणाले, “सुटली असती तर चाललं असतं. मी पाहिली असं लिहिलंय.” त्या शनिवारी मी खणातली प्रत जुन्या वर्तमानपत्रांच्या मध्ये घालून रद्दीवाल्याला दिली. त्या पानावर लाल त्रिकोण होता आणि पेन्सिलीच्या अकरा बारीक खुणा होत्या. मी मोजल्या होत्या. इतकं सगळं नीट पाहून, मोजून, मी ती प्रत दिली.

मालकांनी त्यांना जायला सांगितलं नाही, उलट राहा म्हणाले. पण काकांनी महिनाअखेरीला वही त्यांच्या हवाली केली. “इन्स्पेक्टरची नजर गेली की त्याने आपणहून घरी बसायचं, अशी आमच्या कारखान्यात रीत होती.” दोन महिन्यांनी मी अमेरिकेला गेले. निघायच्या आधी भेटायला म्हणून ते मुद्दाम कात्रजहून आले, मला बाकरवडीचं पाकीट दिलं आणि म्हणाले, “तिकडे तपासणारी माणसं चांगली असतात म्हणे. तुम्ही निर्धास्त राहा.” मला वाटतं की मला आयुष्यात कुणी इतकी शिक्षा केलेली नाही, आणि करणाऱ्याला त्याची कल्पनाही नव्हती.

एका वर्षाची चार वर्षं झाली. परत आले तेव्हा हिंजवडीतला ऊस गेला होता आणि मी तिथल्या एका काचेच्या इमारतीत बसू लागले. हाताखाली माणसं आली. कात्रज काही सातासमुद्रापलीकडे नव्हतं. दर दिवाळीला मी जायचं ठरवत असे आणि दर दिवाळीला काहीतरी निघत असे. खरं म्हणजे काहीच निघत नसे. मग एकदा आमच्याकडची एक नवी मुलगी, नोकरीला लागून तीन महिने झालेली, माझ्या टेबलापाशी आली आणि सहज म्हणाली, “मॅम, सॉरी हं, तुम्ही ॲप्रूव्ह केल्यानंतर मी एक लाइन चेंज केली. परत बघाल का प्लीज?” मी बघते म्हटलं. ती निघून गेली, कुणाशी तरी हसत बोलायला लागली. तिला त्यात विशेष असं काही वाटलंच नव्हतं. मी उठून स्वच्छतागृहात गेले आणि दहा मिनिटं बाहेर आले नाही.

त्या रविवारी सकाळी मी कात्रजला गेले. दार काकूंनी उघडलं, ओळखायला थोडा वेळ लागला. काका आत गॅलरीत बसले होते. वाळले होते. काकूंनी मला पाणी देता देता सांगितलं, “आता काही तपासत नाहीत हो. भाजी आणली तरी पिशवीत डोकावत नाहीत. मी विचारलं, गवार कोवळी आहे का बघा, तर म्हणतात, तूच बघ, माझं काही खरं नाही. नोकरी सोडली त्याच वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. मोतीबिंदू असणार, काढा म्हणून मागे लागले. डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत. तर दुसऱ्या डॉक्टरकडे गेले.” मी पेला खाली ठेवला. एवढी वर्षं मी समजत होते की काकांना आतून माहीत असणार. ज्या माणसाला चिपचा वाकडा पाय दिसतो त्याला माझा चेहरा दिसला नसेल का? त्यांनी मोठ्या मनाने पदरात घेतलं असेल, असं मानून मी माझ्यापुरती सोय करून घेतली होती. त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी वहीवर विश्वास ठेवला होता, कागदावर ठेवला होता, माझ्यावर ठेवला होता. अविश्वास फक्त स्वतःवर दाखवला होता.

मी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले आणि सगळं सांगितलं. दिवा, जागा, एक ओळ, खण, रद्दी. गाळलं काहीच नाही. ते ऐकत होते. मला वाटलं आता बोलतील, आणि मी मान खाली घालून तयार झाले. त्यांनी विचारलं, “बदल केलात तो माझ्या सहीच्या आधी की नंतर?”

“नंतर, काका. चार दिवसांनी. तुम्ही जेवत होतात.”

“म्हणजे मी पाहिलं तेव्हा...”

“तेव्हा अकराही बरोबर होती. तुमच्या अकरा खुणा होत्या. मी मोजल्या होत्या.”

काका उठायला लागले, उठता आलं नाही, तिथूनच त्यांनी हाक मारली, “अगं, इकडे ये. गॅस बंद कर आणि ये. ह्या काय म्हणतायत ते ऐक.” काकू पदराला हात पुसत आल्या. काका मला म्हणाले, “परत सांगा. सावकाश सांगा, हिला यातलं कळत नाही.” मी परत सांगितलं. काकूंना मॅक्रो कळला नसेल, पण बाकी सगळं कळलं. त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. “सांगायला एवढी वर्षं लागली?” एवढंच म्हणाल्या. “अगं, त्यांना कशाला बोलतेस,” काका म्हणाले, “आल्या ना आज. त्यांना काय गरज होती? नसत्या आल्या तर मी तसाच गेलो असतो.” ते हसत होते, आणि हसता हसता डोळे पुसत होते. “पाहिली होती मी. अकराही पाहिली होती.”

मला त्यांच्याकडून शिवी हवी होती. निदान एखादा तिखट शब्द, पूर्वीसारखा, जो घेऊन मी घरी जाऊ शकले असते. त्याऐवजी ते माझ्याबरोबर दोन जिने उतरले, एका हाताने कठडा धरून, प्रत्येक पायरीवर थांबत. रिक्षा थांबली तेव्हा म्हणाले, “बाई, फार उपकार झाले तुमचे.” मी बसले. रिक्षा निघाली तरी ते फाटकाशी तसेच उभे होते, माझ्याकडे बघत, दोन्ही हात जोडून. मी समोर बघत राहिले. ते हात मला बघवेनात.